एका घरात दोन चुली

आमचे मालक उदगीरचे आचारी होते. मालक म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही, आता लिहितानाही हात अडतो. मोंढ्यातल्या आडत्यांच्या घरी लग्न ठरलं की तिथीच्या पाठोपाठ मालकांना निरोप यायचा. उंच माणूस, गळ्यात लिंग, डोक्याला ओला पंचा गुंडाळलेला. नैवेद्य दाखवायच्या आधी अन्न चाखायचं नाही, हा त्यांचा नेम. म्हणून मीठ आहे की नाही ते वाफेवर वाकून वासानं ओळखायचे. चुकलेलं मी पाहिलं नाही.

त्याच कामावर मीही असायची, पण आचारी म्हणून नव्हे. मी भाकरी थापणाऱ्या बायकांत. चर खणून केलेल्या मोठ्या चुलवाणापाशी पुरुष, आणि वारा ज्या बाजूला धूर नेतो त्या बाजूला आम्ही बायका. सकाळी बसलं की पंगती संपेपर्यंत उठणं नाही. लोकांना वाटतं, आचाऱ्याच्या घरात खायची चैन. खरं म्हणजे दिवसभर त्या वासात राहून भूक मरून जाते. मालक कामाच्या दिवशी नुसत्या चहावर असायचे. घरी येऊन मी त्यांना ताक-भाकरी द्यायची, तीही अर्धी राहायची.

मोठा दुष्काळ पडला त्या साली आमची लेक दुडूदुडू चालायला लागली होती. विहिरी तळाला गेल्या होत्या. रेशनला लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी तव्यावर टाकेपर्यंत तुटायची. गावोगावची माणसं खडी फोडायच्या कामावर होती. अशा साली कोण लग्न काढतंय, असं मी म्हणत होते. पण मोंढ्यातल्या एका मोठ्या आडत्याच्या मुलीचं लग्न निघालं. त्यांना सगळे अप्पा म्हणायचे. आम्हीही अप्पाच म्हणायचो. पंगती पहिल्यासारख्याच होणार होत्या. हुग्गी, भात, वरण, वांग्याची भाजी.

हुग्गी म्हणजे खपली गव्हाची खीर. उखळात सडलेला गहू तासन् तास शिजवायचा आणि मग त्यात गूळ सोडायचा. शिजत आली की ती चिखलासारखी बुडबुडे काढते आणि अंगावर उडाली तर चिकटून बसते, पुसली तरी निघत नाही.

चुलवाण खणलं की त्याची कड ओल्या मातीनं लिंपून घ्यावी लागते. नाहीतर देगेच्या वजनानं माती ढासळते. त्या साली काळी जमीन अशी भेगाळली होती की कुदळ मारली की ढेकळंच निघायची. मालक अप्पांच्या मुनीमाकडे गेले.

"दोन घागरी पाणी द्या. कड लिंपायची हाय."

मुनीम म्हणाला, "आचारी, पिण्याचं पाणी उमगा गावाहून आणायलोत आम्ही. माती लिंपायला कुठून देऊ? दगडं लावा."

मालकांनी दगड लावले. मला म्हणाले, "हे टिकंल असं वाटत न्हाई." पण काम सोडून कुठं जाणार होते?

दुपारचा मुहूर्त होता. गूळ सोडून झाला होता, हुग्गी आटत आली होती. मी भाकरी थापत होते, पाठ त्यांच्याकडे होती. आधी दगड सरकल्याचा आवाज आला, मग कुणीतरी ओरडलं. वळून पाहिलं तर देग एका बाजूला कलली होती आणि मालकांनी दोन्ही हातांनी तिची कड धरली होती. मागं उडी मारली असती तर पायांवर थोडंफार उडालं असतं, तेवढंच. पण ते मागं झाले नाहीत. अख्ख्या लग्नाचं गोड त्या देगेत होतं आणि सांडू द्यायचं नाही एवढंच त्यांच्या हातांना कळलं. हुग्गी कडेवरून त्यांच्या हातांवर आली, कोपरापर्यंत. तरी त्यांनी देग धरून ठेवली. दोघा गड्यांनी येऊन पहार लावली तेव्हा सोडली.

मी "पाणी, पाणी" म्हणून ओरडले. पाण्याची पिंपं मांडवाच्या पुढच्या अंगाला, पाव्हण्यांकडं होती आणि तिथं माणूस बसवला होता. त्यानं मुनीमाकडं पाहिलं. मुनीमानं अप्पांकडं पाहिलं. तेवढा वेळ माझ्यानं थांबवेना. तांदूळ धुतलेलं पाणी जनावरांसाठी एका घमेल्यात धरून ठेवलं होतं. मी ते मालकांच्या हातांवर ओतलं. हुग्गी निघाली नाही. मी बोटांनी काढायला गेले तर तिच्याबरोबर कातडी आली.

अप्पा जवळ आले. वाईट माणूस नव्हते ते. तोंड पांढरं पडलं होतं त्यांचं. हळूच म्हणाले, "बाई, मुहूर्त जवळ आलाय. पाव्हण्यांना कळू देऊ नका. ह्यांना गोदामात निजवा. मी डॉक्टरला बोलावणं धाडतो."

पोत्यांच्या थप्पीआड बारदान टाकून आम्ही मालकांना निजवलं. मी त्यांच्याजवळ बसले तर ते म्हणाले, "हितं काय करायलीस? देगेत निम्मी राहिली असंल. खाली लागायच्या आत हलव."

"अहो, तुमचे हात..."

"हातांचं बघू. पंगत बसंल आता. जा."

मी गेले. त्या दिवशी पहिल्यांदा मी देगेपाशी उभी राहिले. बाई चुलवाणापाशी कशी, असं कुणी म्हणालं नाही. कुणाला सवडच नव्हती. राहिलेल्या हुग्गीत पाणी घालून ती पुरवायची होती आणि पाणी मोजकं होतं, म्हणून दूध घातलं. पंगती उठल्या. लोकांनी हुग्गी वाखाणली. आत गोदामात मालक दात आवळून पडले होते, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात पंच्याचा बोळा धरला होता. डॉक्टर आला तो अक्षता पडून गेल्यावर.

निघताना मी चुलवाणाकडे पाहिलं. सांडलेली हुग्गी मातीत वाळून गेली होती. खडीच्या कामावरच्या बायका कुंपणापाशी उभ्या होत्या, त्यातल्या तिघीचौघी आत आल्या होत्या आणि उलथन्यानं माती खरवडून पदरात घेत होत्या. त्यांना कुणी हटकलं नाही. मीही नाही.

दवाखान्यातून मालक परत आले तेव्हा हातांची बोटं एकमेकांना चिकटून आत वळली होती. अंगठा तेवढा हलायचा. घास घ्यायचे तोही दोन्ही मनगटांत वाटी धरून. पहिले काही महिने मी भरवायची. मग एक दिवस मान फिरवून म्हणाले, "राहू दे. लहान पोर न्हाई मी."

पुढची कामं आम्ही जोडीनं केली. मालक बाजेवर बसायचे, मी देगेपाशी. ते तिथूनच सांगायचे, मी करायची. "जाळ ओढ." "आता झाक." "वास आला का? अजून न्हाई? मग थांब." लग्न पार पडलं की टोपी-उपरणं मालकांनाच मिळायचं. मला खण. मला त्याचं काही वाटत नव्हतं. पण मालक घरी आल्यावर ते उपरणं कोपऱ्यात टाकून द्यायचे, मला घडीसुद्धा करू द्यायचे नाहीत.

बायकांचं ह्या कामात एक अवघड असतं. महिन्याच्या चार दिवसांत चुलवाणापाशी जायचं नाही. पुरुष आचाऱ्याला ही अडचण नाही. लग्नाच्या तिथी काही माझं बघून निघत नव्हत्या. असं दोन-तीनदा झालं आणि लोक दुसऱ्या आचाऱ्याकडं वळले. निरोप यायचे थांबले, एवढंच. मग मी मोंढ्यात धान्य निवडायला जाऊ लागले. मालक घरात बसून राहायचे. लेक शाळेतून आली की तिला विचारायचे, "मास्तरणीच्या डब्यात काय व्हतं आज?" ती सांगायची, मग ते म्हणायचे, त्यात अमुक घालायला पाहिजे होतं.

अशी वर्षं गेली. मग लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादेतून वेगळा काढला, उदगीरही त्यातच आलं. लातुरात एकदम जीपगाड्या वाढल्या, भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या. बाहेरगावचे साहेब आले, बायकापोरं मागं ठेवून. चारपाच साहेबांनी मिळून एक बंगला घेतला होता आणि त्यांना स्वयंपाकाला माणूस पाहिजे होतं. आमच्या गल्लीतला एकजण कचेरीत शिपाई लागला होता, त्यानं माझं नाव सांगितलं. आम्ही बिऱ्हाड लातूरला आणलं. मोडक्या भिंतीच्या दोन खोल्या, मागं थोडं अंगण.

बंगल्यात मला पगार होता, महिन्याच्या दिवसांचं कुणी विचारत नव्हतं आणि ओट्याशी उभं राहून स्वयंपाक होता. बसून भाकरी थापायची सवय, उभं राहून पायांच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. पण साहेबलोक नीट बोलायचे. भांडी घासायला एक बाई यायची, बौद्धवाड्यातली, माझ्याच वयाची. आम्ही दुपारी मागच्या पायरीवर बसून चहा प्यायचो. ती मला ताई म्हणायची आणि मी तिला बाई म्हणायची.

महिना-दोन महिन्यांत त्यातले थोरले साहेब स्वयंपाकघरात आले.

"बाई, रविवारी मटण करता येईल का?"

मी म्हटलं, "साहेब, आम्ही लिंगायत. आमच्यात चालत न्हाई."

"तुम्हाला खायचं नाही, करायचंय फक्त." ते रागावले नव्हते. "जमत नसेल तर तसं सांगा, आम्ही दुसरी बाई बघतो. त्यात काही वाईट वाटून घेऊ नका."

मी म्हटलं, दोन दिवस द्या. त्या दुपारी पायरीवर बाईला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, मी सांगते तसं करा. अवघड न्हाई त्यात काही."

मी म्हटलं, "मग तूच का करत न्हाईस? तुला येतंय तर."

तिनं कप खाली ठेवला. "मी घासलेल्या ताटात जेवत्यात साहेबलोक. माझ्या हातचं खातील का, ते तुम्हीच विचारून बघा."

मी विचारलं. थोरल्या साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाले, "मला काही नाही हो. पण बाकीच्यांचं कसं... तुम्हीच करा." मी हे बाईला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

रविवारी मटण आणलं. पिशवी उघडली आणि मला मोरीत जाऊन ओकून यावं लागलं. मग बाई दारात उभी राहून सांगू लागली आणि मी करू लागले. हळद-मीठ लावून ठेवा. कांदा काळा होईस्तोवर भाजा. चाखायचा प्रश्नच नव्हता. मालकांसारखी वाफेवर वाकले. मटणाचा वास मला अनोळखी होता, पण मिठाचा वास सगळीकडं एकच असतो. साहेबांनी ताटं चाटूनपुसून खाल्ली.

घरी जाऊन मालकांना त्याच संध्याकाळी सांगितलं. लपवण्यासारखं नव्हतंच, त्यांच्या नाकाला पदराचा वास लागला असताच.

त्यांनी बाजेवरून पाय खाली घेतले. मग म्हणाले, "मटण करायचं ठरलं तर."

"नोकरी सोडू का? सांगा तसं. सोडते."

"मी तसं म्हणालो का?"

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर अंगणात भिंतीच्या पडलेल्या विटा रचून चूल मांडलेली होती. त्या हातांनी विटा कशा उचलल्या, कोण जाणे. मनगटं खरचटली होती. चुलीवर एक पातेलं होतं, त्यात कण्या शिजत होत्या.

"हे काय?"

"माझं मी शिजवून खाईन," मालक म्हणाले. "तुझं तू."

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन चुली पेटू लागल्या. पाणी मात्र एकाच रांजणातलं. त्या साली पाण्याचे हाल होते आणि रांजण एकच होता. मी नळावरून भरून आणायची, ते त्यातलंच घ्यायचे. पण अन्नाला माझा हात लागू द्यायचे नाहीत. भाकरी त्यांना थापता यायची नाही. कण्या, भात, पातळ वरण, असलंच. पातेलं मनगटांत धरून उतरवायचे आणि कितीदा तरी पोळायचे. बधिर कातडीला पोळलेलं कळायचंही नाही, फोड आल्यावर दिसायचं. मी धावले की म्हणायचे, "लांब हो."

गल्लीत कळलं. काहीजणी मला हळदीकुंकवाला बोलवायच्या बंद झाल्या. आमच्यातले पुजारी, जंगम, यायचे, ते मालकांच्या चुलीवरचं प्रसाद म्हणून घ्यायचे, माझ्या खोलीच्या उंबऱ्याशीसुद्धा थांबायचे नाहीत. लेकीला मुदखेडचं स्थळ आलं तेव्हा आईचं काम कुणी विचारू नये म्हणून माझ्या मामेभावांनीच पुढं होऊन सगळं ठरवलं. लग्नात मी मागंच बसले.

मला काय वाटत होतं? दिवसभर दुसऱ्यांसाठी रांधायचं, पोळ्या, भाज्या, मटण, मग पायांत गोळे घेऊन घरी यायचं आणि पडवीत बसून एकटीनं शिळी पोळी खायची. चार हातांवर मालक त्यांच्या कण्या फुंकत बसलेले. नवऱ्यानं मारलं असतं तर शेजाऱ्यांना सांगता आलं असतं. हे कुणाला सांगायचं? मी त्यांना विटाळ वाटते, एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. त्यावर मी कित्येक वर्षं जगले.

नंतर मालकांना खोकला लागला. आयुष्यभराचा धूर छातीत होता. त्यात धड खाणं नाही. वाळत चालले. नव्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, म्हणाला, "आजोबा, ताकद राहिली नाही. अंडी खा, मटणाचा रस्सा प्या."

मालक हसले. खोकत खोकत हसले. डॉक्टरला कळेना काय झालं. मीही हसले, पदर तोंडाला लावून. आम्ही दोघं एकदम हसलो असं त्या घरात फार दिवसांत झालं नव्हतं.

अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांची चूल थंड पडली. मी जवळ बसले आणि विचारलं, "आता काय करू? शेजारच्या काकूंना सांगू का, दोन घास करून द्यायला?"

"काकूंना कशाला? तू कर."

"माझ्या हातचं चालंल?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुझ्या हाताला कधी नाव ठेवलं मी?"

"मग हे काय व्हतं इतकी वर्षं? ती चूल?"

त्यांना धाप लागली. मग म्हणाले, "मटणाचं निमित्त झालं. मला माझ्या हातानं शिजवायचं व्हतं गं. तू शिजवू दिलं असतंस का? पळत आली असतीस. बाजेवर बसवून ठेवलं असतंस. तुला लांब ठेवायला दुसरं काय व्हतं माझ्याकडं?"

मला रडू आलं नाही. राग आला. अंगाची लाही झाली. गल्लीनं तोंड फिरवलं ते ह्यांच्या चुलीमुळं, लेकीच्या लग्नात मी मागं बसले ते ह्यांच्या चुलीमुळं, आणि हे म्हणतात शिजवायचं होतं. मी उठून बाहेर गेले आणि विटांशी उभी राहिले. लाथ मारून पाडावी असं वाटलं. मग त्याच चुलीत काटक्या घातल्या आणि पातळ भात केला. मालकांनी चार चमचे खाल्ले. म्हणाले, "तूप जरा कमी." मी पातेलं उचलून मोरीत नेलं.

त्यानंतर फार दिवस ते राहिले नाहीत. माझा राग पुरता उतरलाही नव्हता.

आमच्या रीतीनं त्यांना बसवून पुरलं. पुढच्या जेवणावळीला भावकी जमली. एक वडीलधारे म्हणाले, "आचारी बाहेरून आणू. तुम्ही सुतकातल्या, तुम्ही कशाला?" सुतक हे बोलायला होतं, खरी अडचण माझ्या मटण रांधणाऱ्या हाताची होती, मला कळत होतं. मी हो म्हटलं. अंगणात दुसऱ्या कुणी चर खणला, दुसऱ्या कुणी देग चढवली. मला लेकीनं धरून पंगतीत बसवलं. इतकी लग्नं केली, पण पानावर बसून, वाढप्यानं वाढलेलं असं मी कधी जेवले नव्हते. वरण पातळ होतं, भात खाली लागला होता. मी सगळं खाल्लं, पानावर शीत ठेवलं नाही.

भांडी घासणारी बाई आली होती. ती अंगणाच्या बाहेर उभी होती, मी हात धुवून तिच्याकडं गेले. आत ये, असं त्या माणसांसमोर म्हणायचं मला धैर्य झालं नाही. तिनं माझा दंड धरला. म्हणाली, "ताई, साहेबलोक हॉटेलातून डबे आणून खायलेत. कधी येताव?"

सुतक फिटल्यावर गेले. तेव्हाचे थोरले साहेब मधल्या काळात बदलून गेले होते, नवे आले होते. ते म्हणाले, "बाई, बरं झालं आलात. आज पाहुणे आहेत, दहाबारा माणसं धरा." मी पदर खोचला आणि कणीक भिजवायला घेतली.

बंगल्यातलं साहेबांचं बिऱ्हाड मोडलं तेव्हा माझे गुडघे गेले होते. आता मी लेकीकडं, मुदखेडला असते. ती मला स्वयंपाकघरात येऊ देत नाही. म्हणते, "लई केलंस, बस आता." मी बाजेवर बसते. तिच्या भाजीचा वास इकडं येतो आणि मीठ कमी आहे ते मला कळतं. कधी सांगते, कधी सांगत नाही.